विराटवरच्या जुन्या शिपमेट्सचा मेळावा : जेवणाआधीचा एक तास कशासाठी?

देवगडी_स्टोकर

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी लोणावळ्यात आमचा मेळावा पार पडला. आम्ही म्हणजे आयएनएस विराट या विमानवाहू जहाजाच्या इंजिन रूम आणि बॉयलर रूममध्ये वेगवेगळ्या काळात घाम गाळलेले लोक. मे १९८७ मध्ये प्लिमथला जहाज ताब्यात घेणाऱ्या तुकडीतले होते, ऑपरेशन पराक्रमच्या वेळचे होते, आणि जुलै २०१६ मध्ये विराट स्वतःच्या वाफेवर शेवटचं मुंबईहून कोचीला गेलं तेव्हा वॉचवर, म्हणजे पाळीवर, असलेलाही एक जण होता. लोणावळा निवडलं ते आयएनएस शिवाजीमुळे. नौदलातले इंजिनवाले १९४५ पासून तिथेच तयार होतात. आमच्यातल्या प्रत्येकानं तिथल्या पावसात परेड केलेली आहे.

ज्यांना जहाजाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. विराट म्हणजे ब्रिटिशांचं हर्मिस. १९५९ मध्ये त्यांच्या नौदलात आलं, १९८२ च्या फॉकलंड युद्धात त्यांच्या ताफ्याचं प्रमुख जहाज होतं, पुढे आपण घेतलं आणि ६ मार्च २०१७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं चालवलं. वरच्या डेकवर सी हॅरियर उडायची, ती सगळ्यांनी फोटोत पाहिली आहेत. आम्ही खाली होतो. चार बॉयलर, दोन टर्बाइन, ७६,००० अश्वशक्ती. फर्नेस ऑइलचा वास ओव्हरऑलमधून धुऊनही जात नसे. समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी जहाजावरच व्हायचं, पण त्यावर पहिला हक्क बॉयलरचा. उरलं तर माणसांच्या आंघोळीला. चार तासांची वॉच, त्यात गेज ग्लासवरची, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवरची, नजर हलवायची नाही. बॉयलरमधली पाण्याची पातळी चुकली की काय होतं हे शिवाजीत पहिल्याच आठवड्यात डोक्यात पक्कं बसवलेलं असतं.

आता मेळाव्याकडे येतो. आमच्यातल्या निम्म्या लोकांना कमी ऐकू येतं. इतकी वर्षं त्या आवाजात काढल्यावर ते होणारच. त्यामुळे हॉलमध्ये सगळे मोठ्यानं बोलत होते, बोलताना चांगला कान पुढे करत होते. आणि मग पाहिलं ते असं. हॉलच्या त्या टोकाला बसलेल्या केरळच्या एका चीफनं (खलाशांमधला वरिष्ठ हुद्दा) हात वर केला, मूठ आवळली आणि मनगट सावकाश डावीकडे फिरवलं. 'व्हॉल्व्ह उघड.' इकडे चहाच्या पिंपाजवळ उभ्या असलेल्या नागपूरच्या गड्यानं तोटी सोडली, एक कप भरला आणि तळहात आडवा धरून विचारलं, 'पुरे?' चीफनं दोन बोटं दाखवली. एक शब्द न बोलता दोन चहा गेले. या दोघांची भेट एकोणीसशे नव्वदच्या दशकानंतर थेट त्या दिवशी होत होती. आम्ही आजूबाजूचे गप्प झालो, नंतर टाळ्या वाजवल्या.

पण हा धागा काढला तो दुसऱ्या कारणासाठी. राष्ट्रगीत झालं, गेलेल्या साथींसाठी दोन मिनिटं उभे राहिलो, आणि जेवणाआधी आम्ही एक तास मुद्दाम वेगळा ठेवला होता. तीन टेबलं लावली. पहिल्यावर संपर्क तुटलेल्यांची यादी : कुणाचा गाव कोणता, शेवटचं कुणी कधी पाहिलं. दुसऱ्यावर पेन्शनचे कागद तपासायला आमचा रायटर शाखेतला, म्हणजे कारकुनी काम केलेला, एक मित्र बसला. तिसऱ्या टेबलावर कुणाला आठवणी सांगायच्या असतील तर त्या फोनवर रेकॉर्ड करायच्या.

तो तास दोन तास चालला आणि जेवण गार झालं. मला तो संपूर्ण दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटला. गाठीभेटी हव्यातच, पण आमच्यापैकी दरवर्षी काही जण कमी होताहेत, आणि त्यांच्या घरच्यांना नौदलातल्या कुणाचा फोन नंबरसुद्धा माहीत नसतो. मेळावा याच्या उपयोगी पडत नसेल तर तो अपुरा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या जहाजांचे, युनिटांचे मेळावे कसे होतात? तुम्ही असं काही करता का?

निळा_झेंडा

चीफ, अभिनंदन. मी विराटवर नव्हतो. मी सिग्नलवाला, फ्रिगेटवरचा. आम्ही दरवर्षी चार डिसेंबरच्या, म्हणजे नौदल दिनाच्या, आसपास मुंबईत भेटतो. सकाळी नौदल गोदीच्या लायन गेटसमोरच्या विक्रांत स्मारकापाशी जमायचं. जुन्या विक्रांतचं पोलाद वापरून केलेलं ते शिल्प आहे, तिथे एक फोटो काढायचा आणि मग जेवायला जायचं.

तुमच्या टेबलांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. आयुष्यभर फॉर्म भरले, सह्या केल्या, रांगेत उभे राहिलो. वर्षातला एक दिवस तरी कागदाशिवाय जाऊ द्या. आमच्याकडे एकदा एकानं मेळाव्यातच विम्याची पत्रकं वाटायला सुरुवात केली, दुसरा प्लॉट विकायला लागला. पुढच्या वर्षी निम्मे लोक आले नाहीत. एकदा टेबल लागलं की त्यावर काय येऊन बसेल सांगता येत नाही. माणूस येतो तो मिठी मारायला, त्याला तेवढं करू द्या.

देवगडी_स्टोकर

निळा_झेंडा, विक्रीबद्दल शंभर टक्के सहमत. आम्ही निमंत्रणातच लिहिलं होतं : विमा, प्लॉट, साखळी योजना, पक्षाचं राजकारण, यातलं काहीही हॉलच्या दारातून आत येणार नाही. एक जण नमुन्याच्या पुड्या घेऊन आला होता, त्याला त्या गाडीत ठेवायला लावल्या आणि तो आनंदानं दिवसभर बसला.

पण मिठी मारून घरी गेलेल्या माणसाचं पुढच्या वर्षी काय झालं हे आपल्याला कुठे कळतं? आमच्या यादीत एक नाव होतं, तीन वर्षं त्याला निमंत्रण पाठवत होतो. तो जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याच्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालेलं नव्हतं, कारण पुढे काय करायचं हे सांगायला कुणीच नव्हतं. हे कळल्यापासून मला नुसत्या जेवणाचा मेळावा करवत नाही.

सुभेदार_कराड

जय हिंद. मी फौजेतला, मराठा लाईट इन्फंट्री. तुमचा धागा वाचून एक गोष्ट लक्षात आली ती लिहितो.

आम्हाला घर आहे. बेळगावचं केंद्र. माणूस भरती झाला तिथे, शपथ घेतली तिथे, आणि निवृत्तीनंतर काही अडलं तर पत्र लिहायचं तेही तिथेच. पलटण बदलत नाही, निदान आमच्या वेळी तरी पंधरा-वीस वर्षं एकाच पलटणीत निघायची. म्हाताऱ्या सुभेदाराला कोवळा शिपाईसुद्धा आपल्या पलटणीचा म्हणून ओळखतो, आणि पलटण आजही जिवंत आहे. तुम्हा नौदलवाल्यांचं वेगळं. दोन-तीन वर्षांनी जहाज बदलणार, माणसं बदलणार, आणि एक दिवस जहाजच निवृत्त होणार. मग शिपमेट म्हणून भेटायला जागा कोणती? म्हणून तुमच्यासाठी मेळावा आमच्यापेक्षा जास्त गरजेचा आहे. टेबलं चालू ठेवा.

मीरा_सातारा

मी नौसैनिकाची बायको म्हणून लिहिते. हे विराटवर आणि आधी दोन लहान जहाजांवर होते. आमचं बिऱ्हाड मुंबईत क्वार्टर्समध्ये.

तेव्हा जहाज बाहेर गेलं की फोन नाही. पत्रावर पत्ता एकच : नाव, नंबर, जहाजाचं नाव, केअर ऑफ फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. जहाज कुठल्या समुद्रात आहे हे आम्हाला माहीत नसायचं, विचारायचंही नसायचं. पत्रं यायची ती एकदम गठ्ठ्यानं, जहाज कुठल्या तरी बंदराला लागलं की. मग आमच्या मजल्यावरच्या पाचही घरांत एकाच दिवशी पत्रं. ज्या घरात आलं नाही त्या घरात आम्ही आपापलं पत्र घेऊन जायचो आणि त्यातलं जहाजाबद्दलचं तेवढं वाचून दाखवायचो. 'सगळे ठीक आहेत' एवढं कळलं तरी पुरायचं. शेजारची तमीळ, समोरची ओडिया, मला दोन्ही भाषा येत नव्हत्या. तोडक्यामोडक्या हिंदीत माझं पहिलं बाळंतपण त्यांनी निभावून नेलं. हे तेव्हा अरबी समुद्रात होते.

मेळाव्यांना मी बरीच वर्षं गेले नाही, कारण ते पुरुषांचे असायचे. बायका एका कोपऱ्यात खुर्च्यांवर, त्यांना कुणी काही विचारायचं नाही. मग एका वर्षी आम्ही त्या मजल्यावरच्या तिघी जणी एकमेकींना शोधून काढून गेलो. आता मेळाव्याची तारीख आधी आम्ही ठरवतो. देवगडी भाऊ, तुमच्या तिसऱ्या टेबलावर बायकांनाही बसवा. जहाजावरचं तुम्ही सांगाल, पण ते जहाज समुद्रात राहू शकलं कारण किनाऱ्यावर कुणीतरी घर सांभाळत होतं. तेही रेकॉर्ड व्हायला हवं.

देवगडी_स्टोकर

मीराताई, हे वाचून घरात सौ.ला दाखवलं. ती म्हणाली, 'फ्लीट मेल ऑफिसचा पत्ता मी अजून झोपेत सांगेन.' पुढच्या वेळी तिसऱ्या टेबलाची जबाबदारी बायकांकडेच देतो.

समुद्रवेडा

मी नौदलातला नाही, पण लहानपणी कफ परेडला नांगरलेल्या जुन्या विक्रांतवर वडिलांबरोबर गेलो होतो. विराटचं संग्रहालय होणार होतं ना आपल्या सिंधुदुर्गात? त्याचं काय झालं? तुम्हा लोकांना तिथेच मेळावा भरवता आला असता.

कोल्हापुरी_टिफी

समुद्रवेडा, उत्तर मी देतो, कारण आम्ही हे प्रकरण पानोपान वाचलेलं आहे. राज्य मंत्रिमंडळानं नोव्हेंबर २०१८ मध्ये मान्यता दिली होती. निवतीजवळ समुद्रात जहाज पक्कं बसवायचं, संग्रहालय आणि साहसी पर्यटन केंद्र करायचं, खर्च साधारण ८५२ कोटी. ते उभं राहिलं नाही. लिलावात जहाज साडेअडतीस कोटींना गेलं, आणि सप्टेंबर २०२० मध्ये मुंबईहून ओढत गुजरातेत अलंगला, जहाजं तोडतात तिथे, नेलं. नंतर एका कंपनीनं ते वाचवायचा प्रयत्न केला, सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये तोडकाम तात्पुरतं थांबवलंही, पण तोवर बरंच जहाज कापून झालं होतं. एप्रिलमध्ये प्रकरण संपलं.

विशाखापट्टणममध्ये कुरसुरा ही पाणबुडी समुद्रकिनाऱ्यावर ठेवली आहे आणि लोक रांगा लावून आत जातात. तिथे पाणबुडीवाल्यांना बोट ठेवून दाखवता येतं, 'इथे मी झोपायचो.' विराट त्यापेक्षा कितीतरी पट मोठं, ते सांभाळण्याचा खर्चही तसाच, हे मला समजतं. तरी जहाज अलंगच्या वाळूत चढलं त्या दिवशी मी जेवलो नाही.

आता मूळ विषय. मी आर्टिफिसर, म्हणजे यंत्रांचा तंत्रज्ञ, त्यामुळे नावात टिफी. लोणावळ्यात मी होतो आणि तिसऱ्या टेबलावर फोन माझाच होता. त्याबद्दल दोन गोष्टी सांगतो.

सप्टेंबर १९९३ मध्ये विराटच्या इंजिन रूममध्ये पाणी भरलं आणि जहाज काही महिने बंद होतं, एवढं कुठेही वाचायला मिळतं. पण त्या वेळी खाली असलेला माणूस जेव्हा ते सांगायला बसतो तेव्हा त्याचा आवाज बदलतो. त्यानं काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. ते त्याचं आहे, आणि त्याच्या परवानगीशिवाय कुठेही जाणार नाही. रेकॉर्ड करायच्या आधी आम्ही प्रत्येकाला विचारलं : हे कुणी ऐकायचं? घरच्यांनी, शिपमेट्सनी, की कुणीही? त्याप्रमाणे वेगळं ठेवलं. शिवाय ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट निवृत्तीनंतरही आपल्याला लागू आहे. कामाची यंत्रणा, हालचाली, संदेश, यांतलं काही बोलायचं नाही हेही आधी सांगितलं. माणसं, जेवण, उकाडा, भीती, मैत्री, एवढ्यावरच तासन्‌तास बोलता येतं.

दुसरी गोष्ट म्हणजे अधिकारी. बोलवायचे की नाही यावर आमच्या ग्रुपवर महिनाभर वाद झाला. शेवटी आमच्या वेळचे एक इंजिनिअर अधिकारी आले. व्यासपीठ नव्हतं, हारतुरे नव्हते. ते ताट घेऊन रांगेत उभे राहिले आणि ज्या स्टोकरनं (बॉयलर सांभाळणाऱ्यानं) एका रात्री त्यांना बाजूला ढकलून वाफेच्या गळतीपासून वाचवलं होतं त्याच्या शेजारी जाऊन बसले. माझं मत : बोलवा, खुर्ची सगळ्यांसारखी द्या, भाषण ठेवू नका.

पोर्ट्समथकर

मी इथे इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला राहतो, मूळचा चिपळूणचा. हे शहर नौदलाचंच. फॉकलंडहून हर्मिस जुलै १९८२ मध्ये इथेच परत आलं होतं, त्या दिवसाच्या गर्दीबद्दल जुनी माणसं अजून बोलतात. माझ्या गल्लीत एक आजोबा आहेत, हर्मिसवर स्टोकर होते. मी भारतीय आहे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'तुमच्या लोकांनी ते बॉयलर इतकी वर्षं चालते ठेवले कसे?'

२०१७ च्या निरोपाला इथून काही जण मुंबईला गेले होते, ते आजोबा तब्येतीमुळे जाऊ शकले नाहीत. हर्मिसची जुनी मंडळी इथे नियमित भेटतात. त्यांच्याकडे एक पद्धत आहे ती तुम्हाला उपयोगी पडेल. प्रत्येकानं छातीवर नावाबरोबर मेसचा, म्हणजे जहाजावर राहायच्या जागेचा, क्रमांक आणि जहाजावर असल्याची वर्षं लावायची. चेहरा ओळखू येत नाही, पण मेस क्रमांक वाचला की बोलणं सुरू होतं. देवगडीकाका, तुमच्यापैकी कुणी त्या आजोबांशी व्हिडिओवर बोलाल का? मी दुभाष्या होतो.

देवगडी_स्टोकर

बोलू म्हणजे काय, नक्की बोलू. त्यांना सांगा, बॉयलर कसे चालवले त्याचं उत्तर द्यायला अख्खी वॉच बसवतो. स्टोकरला स्टोकर कळायला दुभाष्या फार लागायचा नाही, पण तुम्ही असा. मेस क्रमांकाची कल्पना तर पुढच्याच वेळी करतो.

कागदवाला

दुसऱ्या टेबलावर मीच होतो, म्हणून निळा_झेंडा यांना आदरपूर्वक उत्तर. त्या दिवशी मी जे कागद पाहिले त्यातल्या निम्म्यांत एकच दोष होता : बायकोचं नाव. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत. नौदलाच्या नोंदीत जेनफॉर्म (घरच्यांची माहिती नोंदवायचा फॉर्म) गेला तेव्हा माहेरचं नाव, पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) सासरचं अर्धवट नाव, आधारवर तिसरंच, बँकेत इंग्रजी स्पेलिंग चौथं. जन्मतारीख तर शाळेत घालताना मास्तरांनी लिहिली तीच. नवरा जिवंत असेपर्यंत हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण पेन्शन त्याच्या नावावर येते. तो गेला की त्याच दिवसापासून ती बाई कोण हे तिला सिद्ध करावं लागतं.

म्हणून सगळ्यांना हात जोडून सांगतो, हे आज करा. पीपीओ काढा, त्यावर पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आहे का बघा, आधार-पॅनशी जुळवा. जुळत नसेल तर दुरुस्ती तुम्ही स्वतः, हयातीत, स्पर्श या संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवर किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मदतीनं करून घ्या. पेन्शनचं खातं पत्नीबरोबर संयुक्त ठेवा. स्पर्शचा पासवर्ड आणि कोणत्या मोबाइलवर ओटीपी येतो हे घरात एकाला तरी माहीत असू द्या. हयातीचा दाखला वर्षातून एकदा, तो आता फोनवर चेहरा दाखवूनही देता येतो.

आणि माणूस गेल्यावर : मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा, दाखल्याच्या चार-पाच प्रती घ्या, आणि पेन्शन कार्यालयाला कळवा. कुटुंब निवृत्तिवेतन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून देय असतं, त्यामुळे कळवायला उशीर झाला म्हणून हक्क बुडाला असं समजून घरी बसू नका. निवृत्तीनंतर निधन झालं तर पहिली सात वर्षं, किंवा तो माणूस ६७ वर्षांचा झाला असता तोपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर वाढीव दर मिळतो. त्यानंतर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के हा साधा दर. त्यावर महागाई भत्ता. वाढीव दर लागला का, हे मात्र तपासा. लोक जे येतं ते घेतात.

हे सगळं एका माणसाला नीट समजवायला दहा मिनिटं लागतात. मिठी मारून झाल्यावर दहा मिनिटं द्यावीत एवढंच म्हणणं.

निळा_झेंडा

कागदवाला, घरी पीपीओ काढून पाहिला. माझ्या बायकोची जन्मतारीख रिकामी आहे. डिसेंबरच्या आमच्या मेळाव्याला तुम्ही येऊ शकाल का? टेबल मी लावतो.

कागदवाला

येतो. सगळ्यांना पीपीओची झेरॉक्स घेऊन यायला सांगा, मूळ प्रत नको.

रत्नागिरीची_लेक

मी हा धागा तीन दिवस वाचतेय, लिहू की नको असं चाललं होतं. माझे बाबा विराटवर कुक होते, एकोणीसशे नव्वदच्या दशकात काही वर्षं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. आईची पेन्शन सुरू झाली आहे, त्याची अडचण नाही. पण बाबा जहाजाबद्दल घरी फारसं बोलले नाहीत. निवृत्तीनंतर त्यांनी बाजारात छोटी खानावळ चालवली आणि विचारलं की म्हणायचे, 'बाराशे माणसांचा स्वयंपाक करून आलोय, हे काय?' एवढंच.

माझ्याकडे त्यांचा एक फोटो आहे, पांढऱ्या टोपीत, हातात पावाचा ट्रे, मागे लोखंडी भिंत. त्यांना ओळखणारं कुणी आहे का? आणि तुमचा मेळावा इंजिनवाल्यांचा आहे हे समजलं, तरी आम्ही आलो तर चालेल का?

देवगडी_स्टोकर

बाळा, आधी एक कर. बाबांचं नाव, नंबर इथे उघड लिहू नकोस. मला व्यक्तिगत निरोपात पाठव, फोटोही तिथेच.

आता ऐक. मिडल वॉच म्हणजे रात्री बारा ते चार. बॉयलर रूममधून त्या वेळी वर आलेला माणूस घामानं निथळलेला असतो, पोटात काही नसतं आणि झोपही लगेच येत नाही. त्याच सुमाराला बेकरीत सकाळचे पाव भट्टीतून निघत असायचे. नियमाप्रमाणे ते नाश्त्याचे. पण विराटच्या बेकरीतले लोक मिडल वॉचच्या स्टोकरसाठी एक लादी बाजूला काढून ठेवायचे. कुणी सांगितलं नव्हतं, कुठे लिहिलेलं नव्हतं. आम्ही दाराशी उभं राहायचं, आतून एक हात यायचा, गरम पाव आणि त्यावर लोणी. आम्ही ओव्हरऑल घातलेले, तेलकट, म्हणून आत जायचं नाही. त्या दारातूनच दोन शब्द बोलणं व्हायचं. त्या काळातले बेकरीतले कोकणातले लोक मला आठवतात, कारण मालवणीत बोलायला मिळायचं म्हणून मी मुद्दाम थांबायचो. फोटो पाहिल्याशिवाय तुझे बाबा त्यातलेच असं मी म्हणणार नाही.

मेळावा इंजिनवाल्यांचा होता तो यंदापर्यंत. पुढच्या वेळी गॅलीवाले (स्वयंपाकघरातले), लॉन्ड्रीवाले, हँगरवाले, सगळ्यांना बोलवायचं ठरवतोय. तू आणि आई नक्की या.

कोल्हापुरी_टिफी

फोटो देवगडीनं मला दाखवला (लेकीची परवानगी घेऊन). मी ओळखलं. मला खात्री आहे, कारण उजव्या भुवईवरचा व्रण. तो कसा झाला तेही मला माहीत आहे, खवळलेल्या समुद्रात गॅलीतलं झाकण उडून लागलं होतं. ताई, फोन करतो आज संध्याकाळी. आणखी दोघं आहेत त्यांना ओळखणारे, एक भुवनेश्वरला, एक विझागला. त्यांनाही जोडून देतो.

रत्नागिरीची_लेक

आईला सांगितलं. ती म्हणाली, व्रणाचं तिला पडल्यामुळे झालं असं सांगितलं होतं. संध्याकाळी सातनंतर करा, तेव्हा ती मोकळी असते.

चिल्काची_आई

माझा मुलगा अग्निवीर म्हणून नौदलात गेला, ओडिशात आयएनएस चिल्काला प्रशिक्षण झालं, आता जहाजावर आहे. चार वर्षांनी त्याच्यासारखे बरेच जण बाहेर येतील. त्यांना पेन्शन नाही, मग तुमच्यासारखी टेबलं कोण लावणार? इतक्या कमी काळात अशी मैत्री होते का?

देवगडी_स्टोकर

ताई, मैत्री होते. एका मोठ्या वादळात एक रात्र काढली तरी होते. पण तुमची चिंता खरी आहे. पेन्शन नसल्यानं त्यांची नावं कुठल्याही माजी सैनिकांच्या ग्रुपमध्ये आपोआप येणार नाहीत. मुलाला सांगा, जहाज सोडण्याआधी आपल्या मेसमधल्या प्रत्येकाच्या गावचा पत्ता आणि घरच्या कुणाचा तरी नंबर वहीत लिहून घे. मोबाइल नंबर बदलतात, गावचं घर सहसा बदलत नाही. आमच्या पहिल्या टेबलावर जी माणसं सापडली ती बहुतेक अशा वहीतल्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकूनच. आणि आमच्या मेळाव्याला त्याला पाठवा. जहाजावर पाऊल ठेवलेला तो आमचाच.

सुभेदार_कराड

चीफ, पुढचा मेळावा कधी? फौजेतला माणूस चालत असेल तर मी येतो. आमच्या पलटणीसाठी तुमची टेबलं बघून घ्यायची आहेत.

देवगडी_स्टोकर

सुभेदारसाहेब, स्वागत आहे. विराट आपल्या नौदलात दाखल झालं तो १२ मे हा खरा दिवस, पण मे महिन्यात कोकणातला माणूस आंबे सोडून येत नाही आणि वयस्करांना उकाडा सोसत नाही. म्हणून १४ जानेवारीच्या, म्हणजे माजी सैनिक दिनाच्या आसपासचा रविवार धरतोय. जागा रत्नागिरी की लोणावळा हे ठरायचं आहे. उत्तरेकडून आणि केरळातून येणाऱ्यांना कोकण रेल्वे सोयीची पडते, त्यामुळे माझा कल रत्नागिरीकडे. इथेच मत द्या.

रत्नागिरीची_लेक

रत्नागिरी असेल तर हॉल मी बघते. काल रात्री टिफीकाकांनी सगळ्यांना जोडून दिलं, आई दीड तास बोलली. ती येणार आहे. तिला जिना चढवत नाही, म्हणून तळमजल्याचे दोन हॉल डोक्यात आहेत, एकाला शेजारी स्वयंपाकघरही आहे. साधारण किती माणसं धरू?

देवगडी_स्टोकर

गॅली आणि हँगर धरून दीडशे धर. बायकामुलं वेगळी मोजू नकोस, त्यातच आली. आणि दारापाशी तीन टेबलांना जागा आहे का तेवढं बघून सांग.